दुखरा दात

ओबियागेलीने नवऱ्याचं डोकं खाऊन खाऊन त्याला तयार केलं होतं. "चर्चमध्ये उभं राहून बायबल वाचता, प्रभूपुढे सगळे सारखे म्हणता. मग लाझारसच्या घरी मुलगी द्यायला काय झालं? ओठांत एक आणि पोटात एक?"

शेवटी एझेकिएल कुरकुरला, "बरं, येऊ देत त्यांना." लाझारस ओसू होता. त्याच्या कुठल्याशा खापरपणज्याला गावाने देवीला वाहून टाकलं होतं. देवीचं ठाणं केव्हाच मोडलं, डाग मात्र राहिला. अशा घराशी कुणी सोयरीक करत नसे. पण लेकीला, उझोला, लाझारसचा मुलगा सोम्तोच हवा होता, आणि तिची आई पडली चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्षा. तिने कंबर कसली.

शनिवारी लाझारस भावांना घेऊन आला. सोबत सोम्तो, ताडीचा घडा आणि सोयरिकीत दोन्ही घरांनी वाटून खायची कोलाची फळं. एझेकिएलने कपाळावरच्या आठ्या न मोडता प्रार्थना म्हटली, कोला फोडला आणि एक फोड तोंडात टाकली. उझोचा जीव भांड्यात पडला. मग ताटली बायकांकडे आली.

ओबियागेलीने फोड उचलली, पण हात तोंडापर्यंत जाईना. तिची आई सांगायची, ओसूंच्या हातचं खाल्लं की घरात पाळणा हलत नाही. मंडळात ही गोष्ट ती स्वतः थोतांड म्हणून हसत हसत सांगे. आता तिला हसू येईना. मुलीच्या आईने कोला खाल्ला नाही तर सोयरीक मोडली, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

"दात दुखतोय," ती म्हणाली आणि तिने फोड कमरेच्या कापडाच्या टोकाला बांधली.

"दुखणारच," लाझारस म्हणाला. "आमचा कोला पाहिला की भल्याभल्यांचे दात दुखतात, वहिनी."

पाहुणे उठले. ताडीचा घडा तसाच राहिला.

"आई, बाबांनीसुद्धा खाल्ला गं," उझो एवढंच बोलली.

रविवारी वेदीपाशी लाझारस नेहमीसारखा तिच्या शेजारी गुडघे टेकून बसला. द्राक्षारसाचा पेला आधी त्याच्या ओठांना लागला, मग तिच्या. इतकी वर्षं ती तशीच पीत आली होती आणि तिला कधी काही वाटलं नव्हतं. इथे पिऊन उठलं की आपापल्या घरी जाता येत होतं, सोयरीक जुळत नव्हती, म्हणून. तिला स्वतःची शिसारी आली.

प्रार्थना संपल्यावर तिने त्याला अंगणात गाठलं, सगळ्यांसमोर कापडाच्या टोकाची गाठ सोडली आणि वाळलेली फोड तोंडात टाकली.

"दात बरा झाला वाटतं, वहिनी."

"झाला, भाऊजी. सोम्तोला घेऊन परत या."

लाझारस हातातली टोपी फिरवत राहिला. "पोरगं कालच लागोसच्या गाडीत बसलं. म्हणालं, बाबा, त्या घरातल्या मोठ्यांत माझ्या बाजूने एकच माणूस होतं, आणि नेमका त्याचाच दात दुखला."

ओबियागेलीच्या तोंडात कोला कडू झाला होता. तिला तो गिळवेना, आणि त्याच्यादेखत थुंकवेना.