उशाखालची जुडी

मार्चमध्ये बोग्नाचा नवरा झेनोन गेला तेव्हा त्याच्या उशाखाली ठेवायला घरात जुडी नव्हती. चूक बोग्नाचीच होती, आणि तिने ती कुणावर ढकललीही नाही.

सान नदीकाठच्या त्या गावात ऑगस्टच्या मध्यावर मारियामातेचा सण येतो. बायका आपापल्या बागेतली फुलं, शेपू, पुदिना, गव्हाच्या लोंब्या, खसखशीची बोंडं अशी जुडी बांधून चर्चमध्ये नेतात आणि पाद्री तिच्यावर पाणी शिंपडतो. मग ती वर्षभर मारियेच्या तसबिरीमागे वाळत राहते. घरातलं कुणी गेलं तर शवपेटीत त्याच्या डोक्याखाली तीच घालायची. आणि वीज कडाडली तर तिच्यातली एक काडी चुलीत टाकायची, म्हणजे घर वाचतं. बोग्नाला विजेची भारी भीती. गेल्या साली सणानंतर महिनाभर वादळांनी उच्छाद मांडला, आणि ही बाई एकेक काडी करत अख्खी जुडी जाळून मोकळी झाली. "अगं, मला थोडी राहू दे," झेनोन हसत म्हणाला होता.

शेवटी शेजारच्या ओतिलियाने आपली जुडी आणून दिली. चाळीस वर्षं ज्याने बाग केली, तो दुसऱ्याच्या बागेतल्या फुलांवर डोकं ठेवून गेला. बोग्ना रडली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. तिला काही वाटतच नव्हतं. दात काढल्यावर गाल बधिर होतो, तशी ती अख्खी बधिर होती. तिने ठरवलं ते एवढंच, की यंदाची जुडी झेनोनच्या बागेतली हवी, त्याने डब्यांत जपलेल्या बियांची.

मेमध्ये तिने झेंडू, शेपू, खसखस पेरली, डेलियाचे कंद लावले. आणि पाऊस लागला तो लागलाच. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावणार? मातीचा चिखल झाला, चिखलात बिया कुजल्या. ज्या कशाबशा उगवल्या, त्यांच्यावर बिनशंखाच्या गोगलगायी आल्या, बोटभर लांब, विटकरी रंगाच्या. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते उगीच नाही. संध्याकाळी दोन बोटं उंच असलेला झेंडू सकाळी जागेवर नसायचा.

बोग्नाने पुन्हा पेरलं. रोपांभोवती राख टाकली, ती पावसात वाहून गेली. अंड्यांची टरफलं पसरली, त्यांच्यावरून गोगलगायी आरामात चालत गेल्या. मग तिने वाफ्यांत वाडगे पुरले आणि त्यांत बिअर ओतली. सकाळी प्रत्येक वाडग्यात पाच-सहा मेलेल्या असायच्या. तरी झेंडू जातच राहिला.

आठवड्याने कुंपणापलीकडून इग्नात्सी म्हणाला, "बोग्नाबाई, उपकार झाले तुमचे. यंदा माझा कोबी वाचला."

"माझे कसले उपकार?"

"अहो, गावभरच्या गोगलगायी तुमच्या गुत्त्यावर येतात. वासावर. बुडतात त्या चार. बाकीच्या घोट घेऊन तुमच्याकडेच जेवायला बसतात."

एरवी ती हसली असती, नाहीतर भांडली तरी असती. आता तिने वाडगे उपसले, बिअर रस्त्यावर ओतली आणि तिसऱ्यांदा शेपू पेरला. संध्याकाळी कात्री घेऊन ती वाफ्यांतून फिरायची आणि सापडेल ती गोगलगाय कापायची. झेनोनला हे कधी जमलं नव्हतं. तो त्यांना बादलीत भरून नदीवर सोडून यायचा. बोग्नाला किळसही आली नाही. जुलैत दोनदा वीज जवळच पडली. चुलीत टाकायला काही नव्हतं, आणि तिला भीतीही वाटली नाही.

सणाच्या आदल्या दिवशी ती बागेत गेली. डेलियाचे नुसते दांडे उरले होते. खसखशीच्या बोंडांवर काळी बुरशी होती. शेपू तर उगवलाच नव्हता. गोगलगायींनी नाकारलेलं तेवढं शिल्लक होतं. कांद्याची पात, झेनोनने कोपऱ्यात लावलेला पुदिना, आणि कुंपणाकडची बटणांसारखी पिवळी कडू फुलं. तिने तेच दोऱ्याने बांधलं.

ओतिलियाने पाहिलं आणि तिला राहवलं नाही. "अगं, ही जुडी आहे की भाजी? माझ्यातली चार फुलं घे."

"नको. दुसऱ्याचं नको."

चर्चमध्ये पाद्र्याने पाणी शिंपडलं. थेंब तोंडावर आले तशी बोग्ना म्हणाली, "पुरे झालं पाणी," आणि मागच्या बाकावरच्या बाया खुदकन हसल्या.

परतताना रिमझिम सुरू झाली. दोघी एका छत्रीत होत्या. "तसबिरीमागे नीट ठेव," ओतिलिया म्हणाली. "आणि या खेपेला जाळू नकोस. तुझ्या कामाला येईल."

बोग्ना थांबली. सगळा उन्हाळा ती ही जुडी झेनोनसाठी करत होती. झेनोनची पेटी मार्चमध्येच मातीआड गेली होती आणि ती आता कुणी उघडणार नव्हतं. तिने केली होती ती स्वतःसाठी.

"मला ही नको," ती म्हणाली. "माझ्या वेळी तू तुझीच घाल."

"डोकं फिरलं का तुझं? एवढं राबलीस ती कशाला?"

"त्याच्या डोक्याखाली तुझ्या बागेतलं आहे. मी वेगळं घेऊन कशाला झोपू?"

ओतिलियाने छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "मी तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. माझा काय भरवसा?"

"मग आत्ताच दे."

ओतिलियाने आपली जुडी तिच्या हातात दिली आणि बोग्नाची स्वतः घेतली. नाकाशी धरून म्हणाली, "म्हणजे मला कांद्याच्या वासात झोपायचं तर."

बोग्नानेही हातातली जुडी हुंगली. ओला शेपू, पुदिना, लोंब्या. त्या दिवशी पेटीशी वाकली तेव्हा, वाळलेला का होईना, हाच वास आला होता. कुणाच्या तरी फाटकापुढच्या ओल्या पायरीवर ती बसली आणि मार्चपासून पहिल्यांदा रडली. ओतिलिया तिच्यावर छत्री धरून उभी राहिली.