अडीच मिलीचं टिंब

छापखान्यात त्यांना सगळे प्रूफबाई म्हणत. औषधांच्या खोक्यांत घडीवर घडी घालून कोंबलेली, मुंगीएवढ्या अक्षरांची जी माहितीपत्रकं असतात आणि जी घरी गेल्यावर कुणी उलगडूनही बघत नाही, ती पत्रकं बाई बावीस वर्षं ओळ न् ओळ वाचत आल्या होत्या. अलीकडे हे काम त्या घरूनच, संगणकावर करत.

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, सहा आठवडे सक्तीची विश्रांती झाली आणि एका सोमवारी सकाळी बाई पुन्हा टेबलाशी बसल्या. यंत्र चालू केलं. अक्षरं फुगून आडवी पसरली होती. कडा पिंजलेल्या कापसासारख्या. वेलांट्या आणि मात्रा एकमेकींत शिरलेल्या. त्यांनी चष्मा पुसला, डोळे मिटून दहा मिनिटं गप्प बसल्या, पुन्हा पाहिलं. तेच.

"कसं दिसतंय?" स्वयंपाकघरातून यजमानांनी विचारलं.

"छान," बाई म्हणाल्या.

दुसरं काय म्हणणार? वर्षभर त्या ऑपरेशन टाळत होत्या. यजमानांनी मिनतवाऱ्या करून, अक्षरशः हाताला धरून त्यांना नेलं होतं. जन्मभर रंधा आणि करवत चालवलेला तो माणूस सहा आठवडे दिवसातून चारदा, श्वास रोखून, त्यांच्या डोळ्यात औषधाचा थेंब टाकत होता. बायकोला उजेड मिळावा म्हणून त्याने टेबलसुद्धा आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यातून उचलून खिडकीशी आणलं होतं. त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं की सगळं पाण्यात गेलं?

वर्तमानपत्र नीट वाचता येत होतं. समोरच्या इमारतीवरची पाटीही. म्हणजे जवळचं ठीक, लांबचं ठीक, फक्त हातभर अंतरावरचं गेलं, असा बाईंनी स्वतःशी हिशेब लावला. पडद्यावर पान अर्धंच मावत होतं, पण ते आपणच चुकून कुठलीतरी कळ दाबली म्हणून, असं त्यांना वाटलं. त्या पुढे वाकून, नाक पडद्याला टेकेल इतक्या जवळून वाचत राहिल्या. दुपारपर्यंत मान धरायची, संध्याकाळी डोकं ठणकायचं. विचारलं की म्हणायच्या, सवय मोडलीय ना कामाची.

गुरुवारी सकाळी छापखान्यातून फोरमनचा फोन आला.

"बाई, ते लहान मुलांचं तापाचं औषध. अडीच मिलीच्या जागी पंचवीस मिली गेलंय. मधलं टिंब राहिलं."

बाईंनी विचारलं, "छापलं?"

"नाही हो. यंत्रावर चढवण्याआधी मी सहज नजर टाकली. तुमच्या हातून असं कधी होत नाही, म्हणून विचारतो. तब्येत बरी आहे ना?"

त्यांनी फोन ठेवला. एखाद्या आईने चमच्याने मोजून बाळाला दहापट औषध पाजलं असतं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन यजमानांना म्हणाल्या, "मला दिसत नाहीये. सोमवारपासून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

यजमान गॅस बंद करून म्हणाले, "चप्पल घाल. डॉक्टरकडे जाऊ."

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. बाईंनी तक्त्याची शेवटची ओळ न अडखळता वाचली. "डोळा उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. हातभर अंतरावर एक छापील कागद धरून त्यांनी तोही वाचून घेतला. "संगणकावरच दिसत नसेल, तर एकदा संगणक दाखवा कुणालातरी."

डॉक्टर आपलं मन राखायला बोलले, असंच परत येताना बाईंना वाटत होतं. यजमानांनी मात्र घरी पोचल्यावर लगेच धाकट्या बहिणीला फोन लावला. बाईंची ही नणंद एका शाळेतले चाळीस संगणक सांभाळत असे, आणि शाळेला त्या आठवड्यात सुट्टी होती.

शुक्रवारी सकाळीच ती हजर झाली. खांद्यावरची पिशवी न उतरवताच तिने पडद्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"वहिनी, तू चार दिवस हे वाचत होतीस?"

"वन्सं," बाईंनी विचारलं, "तुम्हालाही तसंच दिसतंय?"

"मला काय, भिंतीवरच्या पालीलाही तसंच दिसेल."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. त्यांना हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही यायला लागलं. नणंदेने गडबडून पिशवी खाली टाकली. "अगं, ऑपरेशनचा डोळा तो, रडू नकोस."

"दादा, तू तरी बघायचंस," ती भावाकडे वळली.

"मला ते नेहमीच तसं दिसतं," यजमान म्हणाले.

आता प्रश्न उरला यंत्राचा. नणंदेने सेटिंग उघडलं. हा रुंद पडदा बारीक ठिपक्यांचा, भरपूर मजकूर मावणारा. पण संगणक त्याला जुन्या चौकोनी पडद्याच्या मापाचं, ठोकळ ठिपक्यांचं चित्र पाठवत होता आणि पडदा ते ताणून बसवत होता. योग्य माप निवडावं म्हटलं, तर ते यादीतच नव्हतं. तिने पडदा चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, काढून पुन्हा टाकलं, यंत्र बंद करून चालू केलं. काही फरक नाही. तासभर ती चिकाटीने झटत होती.

"गंमत म्हणजे याला पडदा कुठला जोडलाय तेच कळत नाहीये," ती पुटपुटली. "नावाच्या जागी नुसतं 'अनोळखी' लिहिलंय. वहिनी, सुट्टीत इथे काही बदललं का?"

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"टेबल हलवलं फक्त," यजमान म्हणाले.

"आणि संगणक?"

"तो तिथेच आहे, कपाटामागे. वायर पुरेना, म्हणून माळ्यावरची जुनी वायर जोडली मध्ये. चांगली घट्ट बसवली आहे."

नणंदेने भावाकडे एकदा नीट बघितलं. मग गुडघ्यांवर बसून तिने कपाटामागे हात घातला, जोड सोडवला आणि जुन्या वायरीचं टोक उजेडात धरलं. "हे बघ दादा. या दोन पिना मोडल्यात. पडदा आपलं नाव-माप संगणकाला सांगतो ते यांच्यातून. चित्र पोचतंय, ओळख पोचत नाहीये. मग तो बिचारा भीतभीत सगळ्यात साधं चित्र पाठवतोय."

यजमानांचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच केलं हे."

"उजेडासाठी केलंत," बाई चटकन म्हणाल्या.

दोघा भावंडांनी मिळून संगणकाचा डबा ओढत खिडकीपाशी आणला आणि मूळची वायर थेट पडद्याला जोडली. पडदा क्षणभर काळा झाला. मग उजळला, आणि अख्खं पान वरपासून खालपर्यंत एका नजरेत आलं. अक्षरं कोरल्यासारखी उभी होती. बाईंनी खुर्चीला पाठ टेकवली आणि हातभर अंतरावरून औषधाची मात्रा मोठ्याने वाचली. मग त्याखालची ओळ वाचली. मग थांबायलाच तयार होईनात.

"पुरे गं," नणंद म्हणाली. "आम्हाला नाही घ्यायचंय ते औषध."

बाईंनी फोरमनला फोन करून सोमवारपासून तपासलेली सातही पत्रकं परत मागवली. सुदैवाने एकही अजून छपाईला गेलं नव्हतं. दुपारभर त्यांनी ती नव्याने वाचली. आणखी दोन चुका निघाल्या, एक स्वल्पविराम आणि एक चुकलेली तारीख. दोन्ही दुरुस्त करून पाठवल्यावर फोरमनने कळवलं, "आता कशा आमच्या बाई वाटताय."

यजमान तोवर भिंतीशी फळी ठोकून संगणकासाठी जागा करत होते. बाई त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, डावा डोळा राहिलाय," त्या म्हणाल्या. "उद्या डॉक्टरांना विचारा, कधीची तारीख देतायत."

तोंडात खिळा धरलेला असल्याने यजमानांनी नुसती मान हलवली.