साडेदहाचा चहा

खोटं वाटलं तर सोडून द्या, पण चौकातल्या मनोऱ्याचं घड्याळ साडेदहावर अडलं आणि अख्ख्या गावात साडेदहाच वाजून राहिले. शिंप्याला दुकान बंद करता येईना, शाळा सुटेना, सूर्यसुद्धा एका जागी ताटकळला. आता आमच्या ह्यांना साडेदहाला चहा लागतो. कप संपवायचा, खिडकीतून वर बघायचं, तर साडेदहाच. की पुन्हा चहा. एकशेबारावा कप दिला तेव्हा वाटलं, आता गाळण्याबरोबर माझं मनगटही गळून पडणार.

हे जन्मभर त्याच घड्याळाचे कारागीर. आता गुडघे गेले, आणि घड्याळ ज्याच्या हाती सोपवलं त्या चेल्याशी नऊ वर्षांचा अबोला. चेला कसला, पन्नाशीचा टकलू. शेवटी मीच ह्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. म्हटलं, दुरुस्ती कशी करायची ते सांगा, मी पोचवते. ह्यांनी स्वतःच्या जन्मापासून सुरुवात केली. व्हिडिओ झाला पाच जीबीचा.

माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स, मनोऱ्यातल्यावर विंडोज. वर चढून माझा पेनड्राइव्ह लावला, तर विंडोज म्हणे, ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? म्हणजे पाहुण्याला दारात अडवून विचारायचं, तुला पुसून टाकू का! उतरले एकशेचाळीस पायऱ्या. घरी येऊन पेनड्राइव्ह फॅट थर्टीटूमध्ये फॉरमॅट केला. तो विंडोजला चालतो, पण त्याच्या पोटात चार जीबीच्या वरची फाइल मावत नाही. ह्यांना विचारलं, तुमचा जन्म कापू का?

"मी जन्मलोच नाही, तर स्क्रू कोण पिळणार?"

एकशेसत्ताविसावा कप ह्यांच्या हातात देऊन मी पेनड्राइव्ह एनटीएफएस करायला बसले, तो विंडोजलाही चालतो आणि मोठी फाइलही पोटात घेतो. आधी यादीत नीट बघून घेतलं, पेनड्राइव्ह कुठला नि घरची डिस्क कुठली. तिथे हात चुकला की संसार साफ. मग झटपट फॉरमॅट निवडला. पूर्ण निवडला तर तो आधी कानाकोपऱ्यात शून्यं भरत बसतो. वेळ होता हो, संपतच नव्हता. दूध मात्र संपत आलं होतं.

चेल्यानं डोळे पुसत व्हिडिओ पाहिला, शेवटचा स्क्रू पिळला, आणि घड्याळ तुंबलेले तास भरून काढत जे सुटलं! सूर्य घरंगळत पुढे गेला, शिंपी पळता पळता जेवला. अडीच वाजले. आणि पुन्हा खट्.

अडीचला हे झोपलेले असतात.

घरात नुसतं घोरणं. शेगडी गार, मी पाय पसरून बसलेली. तेवढ्यात चेला धापा टाकत दारात.

"काकू, तो व्हिडिओ परत द्या. कुठेतरी चुकलं."

बस की जरा, म्हटलं. पेनड्राइव्ह फॉरमॅटला लावलाय, झाला की भरून देते. ह्या खेपेला झटपटवर बोट ठेवलं नव्हतं. एकेक शून्य शांतपणे भरलं जात होतं.

"किती वेळ लागेल?"

मी खिडकीतून मनोऱ्याकडे बघितलं.

"तीन वाजले की देते."