देणाऱ्याचं नाव आणि इच्छा

यशश्री सकाळी आली ती डोक्यावरचं हेल्मेट न काढताच म्हणाली, "काका, प्रेस केलेला कुडता घाला. गिर्राजजींकडे जायचंय. चंदा मागायला."

बिड़ला नगरच्या आमच्या वॉर्डातून ती पार्षदाच्या, म्हणजे तुमच्याकडच्या नगरसेवकाच्या, निवडणुकीला उभी होती. अपक्ष. पक्षाकडे तिकीट मागायला गेली होती, त्यांनी चहा दिला. समोरच्या उमेदवाराच्या अकरा ऑटो भोंगे लावून फिरत होत्या. हिची एक ऑटो होती आणि तिचा भोंगा फक्त उताराला वाजायचा.

मला न्यायचं कारण असं की मागण्याच्या धंद्यात मी जुना. यशश्रीचे वडील लक्ष्मीकांत गिरणीत होते, मी वर्तमानपत्रात लोकांना चिमटे काढायचो. पण भाद्रपदातले दहा दिवस आम्ही दोघंही भिकारी असायचो. कामगारांच्या घरांच्या लाइनीमागच्या मैदानात गणपती बसायचा आणि त्याची वर्गणी आम्ही गोळा करायचो. लक्ष्मीकांत पुढे, मी पिशवी घेऊन मागे.

आमच्या मंडळाची एक पद्धत होती. वर्गणी कुणी दिली आणि कशासाठी दिली, हे संध्याकाळच्या आरतीआधी भोंग्यावर सांगायचं. सांगायचं काम माझं. "जगन्नाथराव, सूतखातं, दोन रुपये. इच्छा : बायकोचा दमा बरा व्हावा." "दामूअण्णा, रंगखातं, सव्वा रुपया. इच्छा : जावयाला अक्कल यावी." जावई पहिल्या रांगेत टाळ घेऊन बसलेला असायचा. एका मुकादमाने एकदा अकरा रुपये दिले आणि इच्छा माझ्या कानात सांगितली. लक्ष्मीकांतने अकराच्या अकरा परत केले. म्हणाला, "जी इच्छा भोंग्यावर सांगता येत नाही, तिची वर्गणी आपल्या गणपतीला पचत नाही."

गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, लक्ष्मीकांतही गेला. मैदान तेवढं राहिलं. तिथे आता पोरं क्रिकेट खेळतात आणि बायका पापड वाळवतात. चेंडू पापडावर पडला की दोन्ही खेळ थांबतात.

या मैदानाला लागून गिर्राजजींचं मॅरेज गार्डन आहे. नगर निगमने नवा नियम काढला होता : स्वतःचं पार्किंग नसेल तर लायसन्स मिळणार नाही. गिर्राजजींकडे कारंजं होतं, नवरदेवासाठी पांढरी घोडी होती, पार्किंग नव्हतं.

आम्हाला त्यांनी थंडगार खोलीत बसवलं, गरम कचोरी मागवली. "लक्ष्मीकांतजी की बेटी तो हमारी बेटी हुई," म्हणाले आणि यशश्रीपुढे मिठाईचा डबा सरकवला. "बस एक बात, बिटिया. वो मैदान खाली पड़ा रहता है. निगम से पार्किंग करवा दो. सफ़ाई भी रहेगी."

यशश्रीने डब्याकडे पाहिलं. "देखेंगे, भाईसाहब," ती हळूच म्हणाली.

मी कचोरी संपवून विचारलं, "इच्छा यही लिख लूँ? हमारे यहाँ माइक पर बोलने का रिवाज है."

गिर्राजजी पोट धरून हसले. "आप भी ना! पुराने व्यंग्यकार ठहरे!"

खरं बोलून हशा मिळवायची मला चाळीस वर्षांची सवय आहे, मी वाईट वाटून घेतलं नाही.

येताना डबा स्कूटरच्या डिकीत ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी तो कानाशी नेऊन हलवला. पेढ्यांचा आवाज येत नव्हता.

"काका, मला सगळं मालूम आहे," यशश्री म्हणाली. "पण पोस्टर नाहीत, ऑटो नाही. असं लढले तर डिपॉझिट जाईल. मैदानाचं नंतर बघता येईल."

"लक्ष्मीकांत असता तर..."

"बाबा असते तर त्यांनाही पोस्टर लागलेच असते!"

मी डिकी बंद करून मागे बसलो. स्कूटरवर मागे बसलेल्या माणसाने तसंही फार बोलू नये.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानातच सभा होती. शंभरेक माणसं असतील. पहिल्या रांगेत सोफा, सोफ्यावर गिर्राजजी. शेजारच्या इंदुताईंनी आल्या आल्या माझ्या हातात पन्नासची नोट कोंबली. "नळाचं बघा म्हणावं," म्हणाल्या.

यशश्री बोलायला उभी राहीपर्यंत दोन शब्द बोला, म्हणून कुणीतरी माइक माझ्या हातात दिला. माइकच्या जाळीला तोच जुना गंजका वास होता. तो कुंईऽ करून ओरडला आणि माझी चाळीस वर्षं गळून पडली. समोर लाइनी, डोक्यावर बल्बांची माळ, आता लक्ष्मीकांत निरांजन पेटवणार. मी घसा साफ केला.

"इंदुताई, पन्नास रुपये. इच्छा : नळाला सकाळी पाणी यावं."

म्हातारी माणसं एकदम सरसावून बसली. त्यांना पद्धत आठवली. कुणीतरी टाळीही वाजवली.

"गिर्राजजी, गार्डनवाले, मिठाईचा एक डबा. इच्छा : हे मैदान पार्किंगला मिळावं."

मी हे मुद्दाम केलं, असं काही लोक म्हणतात. माझ्या वयाच्या माणसाला संशयाचा फायदा मिळतो आणि मी तो घेतो.

गिर्राजजी ताडकन उठले. "ये मैंने कब कहा?"

"तो डब्बे में क्या था, भैया? पेढे?" इंदुताईंनी बसल्या जागेवरून विचारलं.

यशश्रीने माझ्या हातातून माइक घेतला. काका म्हातारे झालेत, काहीही बरळतात, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मी तसा चेहराही तयार ठेवला होता. ती माझ्याकडे बघत राहिली. मग माइक खुर्चीवर ठेवून सरळ स्कूटरकडे गेली, डिकी उघडली आणि डबा घेऊन आली. त्याची दोरीही सुटलेली नव्हती. प्रसाद द्यावा तसा दोन्ही हातांनी तिने तो गिर्राजजींना दिला.

"भाईसाहब, बाबांच्या टाइमपासून रिवाज आहे," ती म्हणाली. "काकांनी इच्छा सांगितली, ती आपको मंज़ूर नहीं. मग मी हे ठेवू शकत नाही."

आवाज तिचा होता. मान कलती करून बोलणं अगदी लक्ष्मीकांतचं. मी चष्मा पुसला. धूळ फार असते हो आमच्याकडे.

त्या रात्री लोक रांगेने इच्छा सांगून गेले : गटारावर झाकण, कोपऱ्यावर दिवा. दामूअण्णांच्या मुलाने वीस रुपये दिले आणि जावयाला अक्कल मागितली. काही इच्छा पिढीजात असतात.

यशश्री दोनशे सात मतांनी हरली. डिपॉझिट वाचलं. निवडून आलेल्यांनी मैदानाला हात लावला नाही. सगळ्या वॉर्डाने माइकवर ऐकलेली गोष्ट निगमच्या कागदावर गुपचूप कशी घालणार? गिर्राजजींनी शेवटी कारंजं पाडून गाड्यांना जागा केली.

भाद्रपदात यशश्री पुन्हा हेल्मेटसकट दारात उभी राहिली. "काका, कुडता." बऱ्याच वर्षांनी मैदानात गणपती बसला. तिसऱ्या दिवशी आरतीच्या आधी गिर्राजजी हळूहळू चालत आले, माझ्या हातावर एकशे एक ठेवले आणि कानाशी वाकले.

"गिर्राजजी, गार्डनवाले," मी माइकवर सांगितलं. "एकशे एक रुपये. इच्छा : गुडघे."

सगळ्यात मोठी टाळी इंदुताईंची होती.