आवरून आलेल्या कोकिळाबाई

मित्रांनो, मी एक जुने तपासणीचे टेबल आहे. मलकापूरच्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून उभे असते. रामराव सुताराने मला सागवानातून घडवले, तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. पाय ठोकताना तो म्हणाला होता, "मजबूत करून राह्यलो तुले. लेकीबाळी झोपतीन तुह्यावर."

डॉक्टर सिंधूताईंकडे लांबलांबून बायका येत. पिंपळगाव राजाच्या कोकिळाबाईही आल्या. बाळंतपणानंतर ओल्या अंगानेच त्या कापूस वेचायला गेल्या होत्या. "बाई, उभं राह्यलं की खाली वझं येते. सासू म्हन्ते, नाटकं करते," त्या पुटपुटल्या. पण डॉक्टरांपुढे तसेच कसे जायचे, म्हणून बाहेर येणारे अंग, म्हणजे गर्भाशय, त्यांनी घरीच आत सारले होते आणि वर कापड कसून बांधले होते. त्यात उताणे झोपले की ते आपोआप जागेवर बसते. ताईंना काहीच दिसले नाही.

"सगळं ठीक आहे," ताई म्हणाल्या. कोकिळाबाईंनी माझी कड घट्ट धरली, मग उतरल्या. सोबत आलेल्या सासूने दारातच ऐकवले, "सांगतलं नव्हतं मी?"

मला वाचा असती तर! त्या पुन्हा याव्यात, असे फार वाटे. दार वाजले की माझे लक्ष तिकडेच जाई.

वर्षे गेली. माझे रेक्झिन फाटले. मग सोनोग्राफीचे यंत्र आले आणि सारे त्याचेच कौतुक करू लागले. माझा जळफळाट झाला, खोटे कशाला बोलू? पण बायकांना झोपवायला अजून मीच होते.

एका दुपारी सुनेचा हात धरून कोकिळाबाई आल्या. केस पांढरे झालेले. आणि पुन्हा तशाच आवरून आलेल्या! यंत्राच्या पडद्यावर सारे जागच्या जागी. माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात ताई म्हणाल्या, "कोकिळाबाई, जोरात खोका बरं."

त्या खोकल्या आणि पडद्यावर गर्भाशय सरकन खाली आले. ताईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे पाहा तुमचं वझं."

"मंग मी खोटी नव्हती ना, बाई?"

"नाही हो. मीच तेव्हा तुम्हाला उभं करून पाहायला हवं होतं."

"आता हे पाहाले सासू नाही राह्यली," म्हणत त्या रडल्या. माझी कड त्यांनी पुन्हा तशीच धरली होती.

मित्रांनो, आई किंवा आजी दुखते म्हणाली, तर यंत्राची वाट पाहू नका. आधी तिचे खरे माना, मग तिला दवाखान्यात न्या. टेबल कमी पडले तर मला हाक मारा. माझी कड अजून मजबूत आहे.