शांतीबाईच्या दारचा राजगिरा

मित्रांनो, मी केशोरीतल्या एका अंगणातला राजगिरा आहे. भोवती सगळी धानाची शेती, तिथे मला कोण ओळखणार! मनिरामने गोंदियाहून फुलझाड समजून माझं बी आणलं आणि त्याच्या बायकोने, शांतीबाईने, ते तुळशीशेजारी पेरलं. भगवंताच्या कृपेने मी माणसाएवढा वाढलो. डोक्यावर लालभडक तुरे आले. ते देवाच्या मखराला लागत, एवढ्यानेच मी तृप्त होतो.

२००४च्या कार्तिकी एकादशीला गावात कीर्तन होतं. बुवांच्या फराळाचा मान पहिल्यांदाच शांतीबाईला मिळाला होता. सकाळी निरोप आला, की म्हाताऱ्या बुवांना साबुदाणा, भगर सोसत नाही, राजगिरा तेवढा चालतो. गावच्या दुकानांत तो नव्हता. बुवा उपाशी राहिले तर कीर्तनाला उभे कसे राहणार, या काळजीने तिचा जीव अर्धा झाला.

“तुरेच वाढ ताटात,” मनिराम म्हणाला. “वास घेऊन करतीन कीर्तन.”

ती रागारागाने मखरासाठी तुरे तोडू लागली, तसे माझे बारीक पांढरे दाणे तिच्या सुनेच्या, राखीच्या, हातावर सांडले. माहेरी उपासाला राखीने हेच दाणे निवडलेले.

“आई, हा तं राजगिरा होय. दारातच उभा हाये.”

शांतीबाईला घाई झाली. धानाच्या लाह्या फोडतात तशी तिने कढईत वाळू तापवली आणि दाणे ओतले. पण वाळू जेवढी बारीक तेवढाच मी. चाळणीतून दोघंही खाली गेलो. ती मटकन बसली.

“देवानं देल्लं, अन् म्या वाळूत घातलं.”

राखीने उरलेले तुरे चोळले, पाखडले, कोरड्या कढईत चिमूट चिमूट दाणे टाकून फडक्याने फिरवले. तडतडत मी पांढराशुभ्र फुललो. गुळाच्या पाकात थोडेसेच लाडू वळले गेले.

बुवांनी ते संपवून विचारलं, “माय, आणखी आहेत का?”

“हायेत नं बुवा, वाळूत.”

शांतीबाईने सकाळचा घोटाळा सांगितला, तसे बुवा पोट धरून हसले. संध्याकाळी ते उभे राहिले, ते शेवटच्या गजरापर्यंत बसले नाहीत. मखराला माझा एकही तुरा नव्हता, तरी तेवढा धन्य मी कधीच झालो नव्हतो.

शांतीबाई आता दरवर्षी माझं बी राखते. मित्रांनो, दारातलं झाड नुसतं शोभेचं म्हणून उपटण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. कोणाच्या तरी भुकेसाठी देवाने ते तुमच्या अंगणात उभं केलं असेल.