वीतभर घर

मित्रांनो, मी एक जुना मातीचा नमुना आहे. कळंबच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकरवाडीत एक मोठं घर उभं राहायचं होतं, त्याचं मी वीतभर रूप. ठाकर आदिवासींची गाणी, नाच, लग्नात भिंतीवर काढायची चित्रं, हे सारं पुढच्या पोरांना शिकता यावं म्हणून ते घर.

त्याचा आराखडा करायला कर्जतहून प्राची आली. शिकलेली, मनाची चांगली. तिनं आणलेल्या पहिल्या कागदावर लांबलचक सभागृह होतं आणि पुढं उंच स्टेज. लग्नाची चित्रं काढणाऱ्या सोनुबाईनं तो कागद पुष्कळ वेळ पाहिला.

"स्टेजवर नाचनारा येगळा नि खाली बगनारा येगळा," ती म्हणाली. "आमच्यात असं नाय गं. जो येल तो नाचात शिरतो."

प्राचीनं कागद गुंडाळला. "मग कसं पाहिजे, ते मला दाखवाल?"

सोनुबाईनं दाखवलं, तो मी. तिनं कारवीच्या बारीक काड्यांचा कूड विणला, त्यावर शेणमाती लिंपली, मधोमध गोल अंगण सोडलं. तिचा नवरा बुधाजी शेजारीच बसला होता. "पाऊस मावळतीकडनं मारतो," तो म्हणाला, "तिकडलं छप्पर खाली घे." आणि त्यानं आपल्या हातानं ते गवती छप्पर खाली ओढलं. छपराचं पाणी टाकीत कसं न्यायचं, ऊन टाळून उजेड कसा आत घ्यायचा, ते प्राचीनं बसवलं. तीन दिवस तिघं माझ्याभोवती होती. इतकी माणसं इतका वेळ माझ्याजवळ पुन्हा कधी बसली नाहीत.

पुढं मी टेंपोतून कचेऱ्या हिंडलो. साहेब वाकून पाहायचे, फोटो काढायचे. एका प्रदर्शनात मला पहिलं बक्षीस मिळालं. आता माझं थोरलं भावंड उभं राहणार, असं मला वाटलं. पण मातीची भिंत कुठल्याच नियमात बसेना. प्राची भांडली, दोन वर्षं खेटे घालत राहिली. शेवटी काम दुसऱ्या कुणाकडे गेलं आणि मी तिच्या ऑफिसातल्या कपाटावर गेलो.

तिथली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. वर पंख्याची घरघर, खाली दुसऱ्याच घरांची बोलणी. भिंतींना तडे गेले, अंगणात धूळ साचली. झाडणाऱ्या बाईचा हातही माझ्यापर्यंत पोचत नसे.

ऑफिसची जागा बदलताना प्राचीला मी दिसलो. तिनं ओढणीनं माझी धूळ पुसली आणि दुसऱ्या दिवशी मला वाडीवर घेऊन गेली. तिथं सिमेंटचं सभागृह उभं होतं. आत स्टेज, दाराला कुलूप. उन्हाळ्यात आत बसवत नाही, पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजात गाणं ऐकू येत नाही, म्हणून कुणी तिकडं फिरकत नव्हतं. बुधाजी वारल्याला तीन वर्षं झाली होती.

"आजी, मला नाही जमलं," प्राची म्हणाली.

सोनुबाईनं मला मांडीवर घेतलं. मावळतीच्या छपरावर तिचं बोट फिरत राहिलं. मग ती म्हणाली, "ठेव हितंच. त्यांचा हात हाय याच्यावर."

तेव्हापासून मी तिच्या घरात फळीवर आहे. दिवाळीआधी घर सारवून झालं की उरलेल्या शेणमातीनं ती मलाही लिंपते. माझ्या भिंतींवर तांदळाच्या पिठाची चित्रं काढते आणि काढता काढता लग्नातलं गाणं म्हणते. पूर्वी ते गाणं एक बाई उचलायची आणि दुसरी पुढं न्यायची. आता पोरी रिसॉर्टवर कामाला जातात. सोनुबाई आपली ओळ म्हणते, दुसरीच्या ओळीपुरती थांबते, आणि मग तीही आपणच म्हणते. ऐकणारा मी एकटा, आणि मला गाता येत नाही.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मला तडा गेला तर कुणीही मातीनं बुजवील. तुमच्या जवळपास अशी एखादी सोनुबाई असेल तर तिच्याशेजारी जाऊन बसा आणि ती थांबते तिथली ओळ शिकून घ्या.